स्पर्धेच्या नियमावलीत 'जीजी', 'ईझी', 'नूब' यांचे काय करावे?

गंगापूररोडकर यांचा प्रश्न

नमस्कार. नाशिकमधील एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात यंदाही व्हॅलोरंट (संगणकावरचा) आणि बीजीएमआय (मोबाइलवरचा) या नेमबाजीच्या खेळांच्या स्पर्धा होणार असून, त्यांची मराठी नियमावली लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी मराठी शिकवतो. हे खेळ मी मुलांच्या पाठीमागे उभा राहून पाहिले आहेत, स्वतः खेळलेलो नाही. संघ, फेऱ्या, उशिरा येणाऱ्यांना बाद करण्याची मुदत ही कलमे सहज लिहून झाली. गाडी अडली आहे ती सामन्यातील लेखी चॅटच्या कलमापाशी.

गेल्या वर्षी उपांत्य सामन्याची अखेरची फेरी बाकी असताना, पुढे असलेल्या संघातील एकाने सर्वांना दिसेल अशा चॅटमध्ये 'जीजी ईझी' एवढेच लिहिले. प्रतिस्पर्धी संघाला ते झोंबले, शब्दाने शब्द वाढत गेला आणि प्रकरण वाहनतळावर हातघाईपर्यंत पोहोचले. चौकशीत तो मुलगा शांतपणे म्हणाला, की 'जीजी' म्हणजे 'गुड गेम', आणि सामना चांगला झाला असे म्हणणे हा गुन्हा कसा? समितीतील आम्हा ज्येष्ठांपैकी कोणालाही त्यावर उत्तर सुचले नाही.

आता समितीत दोन तट आहेत. एकाचे म्हणणे असे, की चॅटमध्ये लघुरूप अजिबात नको, पूर्ण शब्द लिहावेत आणि शक्यतो मराठीत लिहावेत. विद्यार्थी प्रतिनिधी म्हणतात, की निषिद्ध शब्दांची यादी करावी आणि बाकी मोकळीक द्यावी. मला पहिले अव्यवहार्य वाटते आणि दुसरे अपुरे, कारण मुलांनी दिलेल्या यादीत एकट्या 'नूब' शब्दाचीच निरनिराळी रोमन स्पेलिंग आहेत आणि त्यांतल्या एकात तर मधल्या दोन 'ओ'ंच्या जागी शून्ये आहेत. यांतील कोणता शब्द नेमका केव्हा अपमानाचा ठरतो आणि पंचाला राबवता येईल असा नियम कसा लिहावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सिडकोचा पंच

सर, त्या विद्यार्थ्याने अर्थ बरोबर सांगितला आणि तरीही तो तुम्हाला गुंडाळत होता.

'जीजी' हा संकेत 1990 च्या दशकात संगणकावर जोडीने किंवा गटाने खेळल्या जाणाऱ्या खेळांत रुळला. 1998 मध्ये आलेल्या स्टारक्राफ्ट या खेळाने, विशेषतः दक्षिण कोरियातील व्यावसायिक सामन्यांनी, त्याला पक्की शिस्त लावली. हरणाऱ्याने आपला डाव संपल्याचे ओळखून 'जीजी' लिहायचे आणि बाहेर पडायचे, ही ती शिस्त. बुद्धिबळात डाव सोडणारा जसा आपण होऊन हात पुढे करतो, तसेच हे आहे. म्हणूनच जिंकत असलेल्याने सामना संपण्यापूर्वी 'जीजी' लिहिले, की त्याचा अर्थ 'चांगला झाला खेळ' असा राहत नाही. 'तुमचे संपले, आता उठा' असा होतो. आपल्या उपांत्य सामन्यात अखेरची फेरी बाकी होती, हे तुम्ही स्वतःच लिहिले आहे. उत्तर तिथेच होते.

'ईझी'ची गोष्ट वेगळी. रोमन 'ई' आणि 'झेड' ही दोन अक्षरे अमेरिकी उच्चाराप्रमाणे वाचली, की 'सोपे' या अर्थाचा शब्द होतो; आपल्याकडचे ज्येष्ठ ते 'ईझेड' असे वाचतात आणि बुचकळ्यात पडतात. सामना संपल्यावर हरलेल्यांना उद्देशून ते लिहिण्याला खिजवण्याखेरीज दुसरे कारण नाही. 2016 मध्ये आलेल्या ओव्हरवॉच या खेळात 'जीजी ईझी' लिहिणाऱ्यांचा इतका त्रास होऊ लागला, की निर्मात्या ब्लिझार्ड कंपनीने एक मजेशीर उपाय केला: कोणी ती अक्षरे लिहिली, की पडद्यावर त्यांच्या जागी 'माझी झोपायची वेळ टळून गेली आहे, आईला सांगू नका' अशा थाटाचे वाक्य उमटू लागले. शिक्षा नाही, फक्त हसे. मला तो उपाय आजही आवडतो, पण महाविद्यालयाच्या पंचाच्या हाती तशी सोय नसते.

मात्र हाच 'ईझी' स्वतःच्या संघाच्या चॅटमध्ये, 'घाबरू नका, ही फेरी जमेल' अशा अर्थाने सर्रास लिहिला जातो आणि त्याला कोणाची हरकत नसते. 'नूब'ही तसाच. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ नवशिका असा होता; पुढे खेळाडूंनी त्याचे दोन तुकडे केले. 'न्यूबी' म्हणजे जो शिकतो आहे तो, आणि 'नूब' म्हणजे जो शिकायलाच तयार नाही तो. मित्राने मित्राला म्हटले तर थट्टा, अनोळखी प्रतिस्पर्ध्याला म्हटले तर हिणवणे. बीजीएमआयमध्ये 'बॉट' हा शब्द अधिक लागतो, कारण तिथे संगणक चालवतो अशी कच्ची पात्रे खरोखरच असतात आणि माणसाला त्यांच्यात बसवणे म्हणजे तो माणूस म्हणूनही मोजण्याजोगा नाही असे सांगणे. उलट 'ओपी' हा शब्द पाहा. बाहेर तो 'अमुक बंदूक प्रमाणाबाहेर प्रबळ आहे, तोल बिघडला' या तक्रारीचा शब्द होता. आपल्याकडे तो निव्वळ शाबासकीचा झाला आहे. परदेशी याद्या उतरवून घेतल्या, तर अशा ठिकाणी हमखास घोटाळा होतो.

'पूर्ण शब्द लिहा' हा नियम का चालणार नाही, तेही सांगतो. संगणकावर ज्या कळांनी पात्र चालते, त्याच कळांनी अक्षरे उमटतात. चॅटची चौकट उघडी असेपर्यंत तुमचे पात्र जागच्या जागी उभे असते आणि उभ्या पात्राला गोळी लागते. व्हॅलोरंटमध्ये फेरीपूर्वी खरेदीसाठी साधारण अर्धा मिनिट मिळतो. त्यात शस्त्रे घ्यायची, जागा ठरवायची आणि सोबत्याला कळवायचेही. अशा वेळी 'मी थोडा वेळ कळफलकापासून दूर आहे' असे कोण लिहील? तो 'एएफके' लिहितो आणि दार उघडायला जातो. बीजीएमआयमध्ये तर दोन्ही अंगठे अडकलेले असतात, म्हणून तिथे तयार वाक्यांची बटणेच दिलेली आहेत. भांडणे होतात ती सामन्याआधी लॉबीत, म्हणजे खेळाडू सामना सुरू होण्याची वाट पाहत जमतात त्या पडद्यावर, आणि नंतर व्हॉट्सॲपच्या गटात.

माझे मत असे, की शब्दांची यादी न करता वेळ आणि रोख यांवर नियम करावा. कोणी, कोणाला, सामन्याच्या कोणत्या क्षणी लिहिले, एवढे पंचाला पाहता येते.

पंचवटीतील वाचक

ज्या शहरात कुसुमाग्रजांनी आयुष्य घालवले, ज्यांच्या जन्मदिनी, 27 फेब्रुवारीला, आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो, त्या शहरातील महाविद्यालयाने 'नूब' कोणाला म्हणावे आणि कोणाला म्हणू नये यावर कलम लिहावे, हे वाचून खेद झाला. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला, त्याचा आनंद आपण पेढे वाटून साजरा केला. तो दर्जा काय या असल्या मोडक्या अक्षरांसाठी होता? मुलांना वेळ नसेल तर त्यांनी लिहू नये. लिहायचेच असेल तर पूर्ण आणि शुद्ध लिहावे. सभ्य भाषेची सक्ती केली, की अपमानाचा प्रश्न आपोआप सुटेल.

नाशिकरोडचे आजोबा

पंचवटीतील वाचकांची कळकळ मला समजते, परंतु त्यांच्या म्हणण्यातील पहिलाच धागा कच्चा आहे. मी तार खात्यात नोकरी केली. तिथे शब्दागणिक पैसे पडत, त्यामुळे माणूस वाक्यातील सगळी फोलपटे काढून फक्त गाभा पाठवी. जुलै 2013 मध्ये तारसेवा बंद झाली, पण तोवर कोणी तारेच्या भाषेला मराठीवरील संकट म्हटल्याचे मला आठवत नाही. तिथे पैशाची काटकसर होती, इथे क्षणांची आहे, एवढाच फरक.

आणि घरच्या पत्रांचे काय? 'कृ. सा. न. वि. वि.' असा मायना लिहून आणि 'क. लो. अ.' असा शेवट करून आपल्या आधीच्या पिढ्यांनी पोतीभर पत्रे लिहिली; कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष हे सर्व शब्द पूर्ण लिहिलेले पत्र मी स्वतः क्वचितच पाहिले. 'ता. क.', 'मु. पो.', 'सौ.', 'ह. भ. प.' ही आपलीच लघुरूपे आहेत आणि ती वाचताना कोणाच्याही अभिमानाला धक्का बसत नाही.

पंच महाशयांनी वेळ आणि रोख यांचा मुद्दा मांडला, तोही आपल्याला नवा नाही. वडिलांना पत्र लिहिताना 'ति.' आणि मुलाला लिहिताना 'चि.' हे लहानपणीच शिकवले जाई. 'चि.' या अक्षरात वाईट काही नाही, ते दीर्घायुष्याचे चिंतन आहे. पण सासऱ्यांच्या नावामागे लावून पाहा. किंवा हयात असलेल्या शेजाऱ्याच्या नावापुढे पत्रिकेवर 'कै.' छापा आणि तो भांडायला आला, की 'कैलासवासी हा तर आदराचा शब्द आहे' असे त्याला शांतपणे सांगा. गेल्या वर्षीच्या त्या विद्यार्थ्याने नेमके हेच केले होते.

लघुरूपांनी मुलांची भाषा बिघडते काय, यावर ब्रिटनमध्ये अभ्यास झाला आहे. बेव्हर्ली प्लेस्टर, क्लेअर वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 10 ते 12 वर्षे वयाच्या 88 मुलांच्या मोबाइलवरील लघुलेखनाची आणि वाचनक्षमतेची सांगड तपासली; 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधात लघुरूपे अधिक वापरणाऱ्या मुलांचे वाचन कमकुवत नव्हे, तर उलट बरे आढळले. शब्द मोडून लिहायला त्याचे ध्वनी कानाला आधी नीट कळावे लागतात, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. अभ्यास इंग्रजी मुलांचा होता, मराठी मुलांचा नाही, हे मात्र लक्षात ठेवावे.

अंबडचा प्रोग्रामर

निषिद्ध शब्दांची यादी संगणकाला देऊन आपोआप गाळणी लावण्याचा विचार कोणी करत असेल, तर त्यातील अडचणी मांडतो, कारण माझे रोजचे काम याच प्रकारचे आहे.

पहिली अडचण म्हणजे गाळणीला शब्द कळत नाही, अक्षरांची ओळ कळते. 1996 मध्ये एओएल या अमेरिकी सेवेने इंग्लंडमधील स्कन्थॉर्प गावच्या लोकांना खाते उघडू दिले नाही, कारण गावाच्या स्पेलिंगच्या पोटात एक अश्लील इंग्रजी शब्द येतो. आज जवळपास तीस वर्षांनीही या प्रकारच्या चुकीला त्या गावाच्याच नावाने ओळखतात, बिचारे गाव.

दुसरी अडचण म्हणजे स्पेलिंग मोडण्याची परंपरा गाळणीइतकीच जुनी आहे. 1980 च्या दशकात दूरध्वनीच्या तारेवरून चालणाऱ्या संदेशफलकांवर 'लीट' नावाची लिखाणाची पद्धत निघाली, ज्यात 'ई'च्या जागी 3, 'ओ'च्या जागी शून्य आणि 'टी'च्या जागी 7 घालत. 1337 हा आकडा त्या पद्धतीचेच नाव लिहिण्याचा प्रकार आहे. सर म्हणतात ती शून्ये तिथून आली. काही रूपे तर चुकून जन्मली आणि मग हौसेने टिकवली गेली. 'मात केली' या अर्थाच्या 'ओन्ड' या शब्दातील 'ओ'ऐवजी शेजारची 'पी' दाबली गेल्याने झालेला शब्द त्यांतला सर्वांत प्रसिद्ध मानला जातो. मुद्दाम मोडलेले, घाईत मोडलेले आणि गाळणी चुकवण्यासाठी मोडलेले असे तीन प्रकार पडद्यावर एकसारखेच दिसतात, आणि यादी त्यांतला फरक ओळखू शकत नाही.

तिसरी अडचण खास आपली आहे. आपली मुले मराठी रोमन अक्षरांत लिहितात आणि स्वर गाळतात. 'एम' आणि 'जी' म्हणजे 'मग', 'बी' आणि 'जी' म्हणजे 'बघ', 'के' आणि 'वाय' म्हणजे 'काय', 'एन', 'के' आणि 'ओ' म्हणजे 'नको'. दोनदा 'के' लिहिले तर खेळाडूंच्या बोलीत 'बरे, कळले', आणि आमच्या पोरांच्या चॅटमध्ये कधीकधी 'काका'. ब्राझीलच्या खेळाडूने तीच 'के' ओळीने लिहिली, तर तो हसतो आहे असे समजावे. थायलंडचा खेळाडू हसताना 555 लिहितो, कारण थाई भाषेत पाचचा उच्चार 'हा' असा आहे. 'जी' आणि 'पी' ही अक्षरे 'गप' म्हणून लिहिली गेली, तर मराठी न जाणणारा पंच त्याला 'गुड प्ले' समजून खूश होईल. अशा मिश्रणावर बाहेरची तयार गाळणी लावली, तर ती निरपराधांना पकडेल आणि खऱ्या शिव्या सोडून देईल. मराठी आणि खेळ दोन्ही जाणणारा माणूस बसवा. तो स्वस्तही पडतो.

कॉलेज रोडची खेळाडू

वरची सर्व चर्चा वाचली. काही गोष्टी सुटल्या आहेत असे वाटते.

पंचवटीतील काका म्हणतात, की शुद्ध आणि पूर्ण लिहिले, की अपमान आपोआप टळेल. एका खुल्या स्पर्धेत माझ्या नावावरून मी मुलगी असल्याचे लक्षात आल्यावर समोरच्या संघातील एकाने मला उद्देशून लिहिले होते, 'ताई, आपण भाकऱ्या थापाव्यात, नेमबाजी आपल्याला जमणार नाही.' वाक्यात एकही लघुरूप नाही, शुद्धलेखनाची एकही चूक नाही, आदरार्थी बहुवचनही आहे. त्यापुढे मला कोणी दहा वेळा 'नूब' म्हटलेले चालले असते.

पंचदादांच्या 'वेळ आणि रोख' या मुद्द्याशी मी सहमत आहे, पण सरसकट नाही. काही गोष्टींना वेळ लागू होत नाही. आई-बहिणीवरून दिल्या जाणाऱ्या शिव्यांची दोन अक्षरी लघुरूपे आता इतकी रुळली आहेत, की लिहिणाऱ्यालाही आपण काय लिहिले ते जाणवत नाही; ती थट्टेत लिहिली तरी थट्टा म्हणून सोडू नयेत. जातीवरून, धर्मावरून आणि मुलीच्या मुलगी असण्यावरून केलेले शेरे कितीही आडवळणाने लिहिले, तरी त्यांवर थेट कारवाई हवी. समोरच्याने जीव द्यावा असे सुचवणारे एक तीन अक्षरी इंग्रजी लघुरूप आहे, ते मुले हरल्याच्या रागात सहज टाकतात. परीक्षांच्या दिवसांत कोणाच्या मनात काय चालले आहे हे आपल्याला माहीत नसते, म्हणून त्यासाठी पहिल्याच वेळी बाद करावे असे माझे स्पष्ट मत आहे.

तक्रार कोणाकडे करायची हेही नियमात लिहा. त्या दिवशी माझ्या संघाने पंचाकडे नेलेली तक्रार 'अगं, गंमत केली त्याने' या एका वाक्यावर संपली होती. तक्रार ऐकणारी निदान एक व्यक्ती खेळाडूंच्या ओळखीची नसावी.

गंगापूररोडकर

सर्वांचे मनापासून आभार. आजोबांचे 'कै.' मी समितीच्या बैठकीत त्यांचे नाव न घेता वापरणार आहे. कच्चे कलम असे लिहिले आहे:

'चॅटमध्ये लघुरूपे, रोमन मराठी किंवा मोडलेली स्पेलिंग वापरण्यास हरकत नाही. सामना संपण्यापूर्वी पुढे असलेल्या संघाने सर्वांसाठीच्या चॅटमध्ये जीजी लिहिणे, तसेच सामन्यादरम्यान वा नंतर प्रतिस्पर्ध्याला उद्देशून ईझी, नूब, बॉट किंवा त्या अर्थाचे काहीही, कोणत्याही स्पेलिंगमध्ये वा पूर्ण वाक्यात लिहिणे, हे खिजवणे समजले जाईल. प्रथम ताकीद आणि पुन्हा घडल्यास एका फेरीचा दंड. आई-बहिणीवरून शिवी, जात, धर्म वा लिंग यांवरून शेरा आणि जीव देण्यास सुचवणारा मजकूर यांसाठी ताकीद न देता बाद करण्यात येईल.'

यात पंचाने पुरावा म्हणून काय ग्राह्य धरावे, हे अजून लिहायचे आहे. मुले स्क्रीनशॉट आणून देतात.

सिडकोचा पंच

कलम चांगले झाले आहे, फक्त 'सामन्यादरम्यान वा नंतर'च्या पुढे 'स्पर्धेच्या व्हॉट्सॲप व डिस्कॉर्ड गटांतही' हे शब्द घाला, नाहीतर भांडण तिकडे सरकेल आणि तुमचे हात बांधलेले राहतील. कोरियातील स्टारक्राफ्टच्या व्यावसायिक सामन्यांत एके काळी सामना थांबवण्याची ठरावीक खूण आणि शेवटचे 'जीजी' सोडून काही टाइप केले तर सामना गमवावा लागे, आणि खूण लिहिताना अक्षर राहिले म्हणूनही शिक्षा होई. तितके कडक होऊ नका. खेळाडू पैसे घेऊन खेळणारे नाहीत.

पुराव्यासाठी कापलेला स्क्रीनशॉट घेऊ नका. त्यात चॅटची ओळ दिसते, गुणफलक दिसत नाही, आणि आपला निम्मा नियम सामना कोणत्या टप्प्यावर होता यावरच उभा आहे. व्हॅलोरंटमध्ये पंच निरीक्षक म्हणून सामन्यात बसतो, तेव्हा त्याच्या संपूर्ण पडद्याचे रेकॉर्डिंग चालू ठेवा. सर्वांसाठीचा चॅट आणि गुण दोन्ही एकाच चित्रात येतात. बीजीएमआयच्या लॉबीसाठी दुसऱ्या मोबाइलवर तेच करा. संघाच्या आतल्या चॅटबद्दलची तक्रार मात्र त्याच संघातील खेळाडूने केली तरच ऐकावी.

कॉलेज रोडच्या ताईंनी सुचवलेली बाहेरची व्यक्ती अवश्य नेमा आणि तिचा क्रमांक नियमावलीच्या पहिल्याच पानावर द्या. संपूर्ण नियमावली पीडीएफ करून गटात टाकाल तर कोणी उघडणार नाही. चॅटचे कलम तेवढे वेगळा संदेश म्हणून लिहा आणि स्पर्धा संपेपर्यंत पिन करून ठेवा.